आज काय गवसलं?

पेकालोंगान, ४ फेब्रुवारी

दिक लुकितो,

आजची गंमत आधी सांगते, कामाचं मागून. आपल्या घराची खिडकी आता दार झाली आहे. समुद्राचं पाणी अंगणापर्यंत यायला लागल्यापासून मी तिसऱ्यांदा भर घालून जमीन उंच केली. तेव्हा दार इतकं बुटकं उरलं की माझ्याच घरात मी सासुरवाशिणीसारखी वाकून शिरत होते. शेजारची बु खोतिजा परवा म्हणाली, "अगं, दार बुडालं तर बुडू दे. खिडकी वर आहे ना, ती उघड!" सुताराने खिडकीखालची भिंत फोडून चौकट खाली आणली. आता मी ताठ मानेने खिडकीतून आत-बाहेर करते, आणि जुन्या दाराचा जो वरचा तुकडा उरला त्यातून वारा येतो. एक फळीसुद्धा नवी लागली नाही.

आपले वडील, बापाक, असते तर आज माशाचं डोकं माझ्या ताटात आलं असतं.

थोरल्या बहिणीचं अक्षर ओळखलं असशीलच. तू माझा फोन नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला काही तुला बंद करता येणार नाही.

काम असं. तुझ्या किनासिहने मला फोन केला होता. तिच्यावर डाफरू नकोस. लग्न ठरलेल्या मुलीला सगळे गुन्हे माफ असतात. ती म्हणाली, "बुदे, वीस एप्रिलला लग्न आहे. मला आजोबांच्या बुलबुलांचं कापड नेसायचंय. दोन्ही अंगांनी छापलेलं, अस्सल." मी होकार देऊन बसले. डावा तांब्याचा ठसा माझ्यापाशी आहे, उजवा जाकार्ताला तुझ्यापाशी. डाव्याने कापडाच्या समोरून रंग अडवणारं मेण उमटवायचं, उजव्याने बरोबर त्याच रेषांवर मागून. हे तुला शिकवायला नको. तर उजवा पाठव. काम झालं की परत देईन.

तुझ्या हाती लागण्याआधी तो ठसा अकरा वर्षांपूर्वी चुकून भंगारवाल्याच्या ढिगात गेला, हे मी तुला सांगितलं होतं. पुन्हा सांगत बसत नाही.

म्बाक वुर


१२ फेब्रुवारी

दिक,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण रोज त्या खिडकीच्या दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघितली, हे मात्र खरं.

आज काय गवसलं ते ऐक. मशिदीमागे राहणारे निवृत्त मास्तर, पाक विर्यो, यांनी घरच्या तळणाच्या कढईला मधोमध एक नळी बसवून ती छपरावर बांधली आहे. कढईचं तोंड सरकारी कचेरीकडे. म्हणे तिकडचं फुकटचं इंटरनेट कढईत गोळा होतं! मला खरं वाटेना, तर त्यांनी फोनवर मक्केचा थेट कार्यक्रम लावून दाखवला. खालून त्यांची बायको ओरडत होती, "संध्याकाळी टेंपे कशात तळू? तुमच्या डोक्यात?" मास्तर शांतपणे म्हणाले, "आज उकडून कर."

मला हसता हसता रडू आलं. बापाक यावर आठवडाभर बोलले असते. संध्याकाळी जेवायला बसलं की त्यांचा पहिला प्रश्न, "आज काय गवसलं?" मग आपण दोघं ताटाशेजारी आपापली वस्तू मांडायचो. नियम एकच होता, वस्तू विकतची नको, आणि तिच्यात कुणाची तरी अक्कल दिसली पाहिजे. केळीच्या पानाची पुडी आणि तिला टोचलेली बांबूची काडी. सायकलरिक्षाच्या दांड्याला ताणून बांधलेलं रबर, जे वाऱ्याने गुणगुणतं. आणणं शक्य नसेल तर हातवारे करून सांगायचं. जिंकेल त्याला माशाचं डोकं. डोकं बहुतेक वेळा तुलाच मिळायचं, आणि तू गालफडातलं मांस गुपचूप माझ्या भातात ढकलायचास. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

बुलबुलही तुझेच. चौदा वर्षांचा होतास. जांभळीच्या फांदीवर एक पक्षी काढलास, आणि बापाकनी त्याच्या रेघांवर तांब्याच्या पट्ट्या वाकवून, कथलाने झाळून ठशांची जोडी केली. पहिलं कापड छापलं तेव्हा कळलं की तू चोच कडेला फार नेली होतीस. ठशाला ठसा भिडला की प्रत्येक बुलबुल पुढच्याची शेपूट चावायचा! तू रडकुंडीला आलास. बापाक म्हणाले, "राहू दे. कापडालाही हसू दे की थोडं." पुढे गावातले सगळे कारखानदार तेच कापड मागायला लागले. तेव्हा त्यांनी जोडी आपल्यापुढे ठेवून सांगितलं होतं, डावा वुरचा, उजवा लुकितोचा.

पाठव रे.

म्बाक वुर


२३ फेब्रुवारी

दिक,

किनासिह म्हणते, माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस, घडी घातलीस आणि खणात ठेवलीस. तो ठसाही त्याच खणात आहे म्हणे. म्हणजे माझं अक्षर निदान त्याच्या शेजारी पोचलं.

पहिल्या पत्रातलं एक वाक्य तुला टोचलं असणार. तुला टोचलं नसेल तर मला टोचलंय. "चुकून" हे खरं नाही.

बापाकना जाऊन चाळीस दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. जुने ठसे शहरातल्या लोकांना भिंतीवर टांगायला हवे असतात, तो वजनावर घेत होता. मी मोडके ठसे काढून दिले. मग कपाटातून तुझा उजवा काढला. उलटा करून बघितला. पक्षी बघितला. आणि माझ्या हाताने तो काट्यावर ठेवला. अंधार नव्हता, घाई नव्हती, काही नव्हतं. भर सकाळ होती.

दोन वर्षांनी तुला तो कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर दिसला. टांगायला कडी हवी म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या पट्ट्या कापल्या होत्या, नेमकं बुलबुलाचं डोकंच गेलं होतं. तू तो सोडवून घेतलास आणि तडक इथे आलास. मी काय म्हणाले ते मला अजून पाठ आहे. "तांबं आहे ते. बापाक नाहीत." तू म्हणालास, "मग तुझं तांबं तुला, माझं मला." आणि चहा न घेता गेलास.

का दिला, ते आज लिहिता येत नाही. दोन वेळा लिहिलं आणि खोडलं, खालचा डाग त्याचाच आहे.

आजचं गवसलेलं काही नाही. नाही म्हणायला, आपल्या जुन्या ठसेकऱ्याने, पाक कासमुरीने, मेणाच्या तव्याजवळ जुना चष्मा तारेने टांगलाय, मान वाकवली की आपोआप डोळ्यांवर येतो. पंचाहत्तरीतही त्याच्या ठशाची रेघ केसभर हलत नाही. कापड तोच छापणार आहे.

म्बाक वुर


९ मार्च

लुकितो,

रोजे चालू आहेत आणि रागावणं बरं नाही, पण आज मी रागावले.

किनासिहने तुझा निरोप सांगितला. "बुदेला म्हणावं एकट्या डाव्याने छापून टाक. मागची बाजू कोण बघतंय?"

मागची बाजू कोण बघतंय! ठसेवाल्याच्या पोटी जन्मलास ना तू? हे मी पाक कासमुरीला सांगितलं तर त्याने हातातला ठसा खाली ठेवला आणि म्हणाला, "जाकार्तात फार दिवस राहिला बिचारा. कापडाला पाठ नसते म्हणावं, दोन्हीकडून पोटच असतं." दिवसभर मी हेच वाक्य घोळवत, तुला चार शब्द सुनवायचे म्हणून कागद घेऊन बसले होते.

मग संध्याकाळी पोरीने परत फोन केला. रडत होती. तू तिला आणखी एक गोष्ट बोललास म्हणे. "तुझ्या आजोबांनी शेवटी माझं नावसुद्धा काढलं नाही. तो ठसा तेवढा माझ्याकडे त्यांचा म्हणून आहे. तो मी कुणाला देणार नाही."

माझा राग तिथेच विझला. रोजा सोडायला हातात घेतलेला खजूर ताटात परत ठेवला.

उद्या लिहिते. 

वुर


१० मार्च

दिक लुकितो,

हे बसून वाच.

दफन करून आल्यावर तू मला विहिरीपाशी गाठलंस आणि विचारलंस, "बापाकनी माझी आठवण काढली होती का?" मी म्हणाले, "नाही."

ते खोटं होतं. माझ्या आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोलले नाही, आणि ते एका शब्दाचं होतं.

तू जाकार्ताला गेलास तेव्हा दर आठवड्याला तुझं कार्ड यायचं, एकेका गंमतीचं. मग महिन्याने यायला लागलं. मग तुझी खुर्च्यांच्या साच्यांची नोकरी वाढली आणि सात महिने एकही आलं नाही. तुला दोष देत नाही, तेव्हा मात्र उठता-बसता दिला. बापाकची नजर तोवर साफ गेली होती. रोज संध्याकाळी जेवायला बसले की विचारायचे, "लुकितोचं आलं का काही?" पहिले पंधरा दिवस मी पोस्टाला शिव्या दिल्या. नंतर एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं, भूक नाही म्हणाले. मी तुझं एक जुनं कार्ड हातात धरलं आणि त्यावर नसलेलं वाचायला लागले.

काय वाचलं? जाकार्तात एक कॉफीवाला आहे, त्याने सायकलच्या मागच्या चाकावर पंखा बसवलाय, पेडल मारलं की कॉफी निवते. त्याआधी कधी असलं काही सुचलं नव्हतं मला. बापाक इतके हसले की ठसका लागला. "जिंकला! आज डोकं त्याचं!" आणि तू नव्हतास म्हणून तुझ्या वतीने डोकं मी खायचं असं ठरलं.

मग रोज तेच. आधी मी माझी खरी वस्तू सांगायची, दिवसभर गाव धुंडाळून आणलेली. मग तुझं खोटं कार्ड वाचायचं. आणि रोज तू जिंकायचास. मी माझ्याच डोक्यातल्या गोष्टींकडून हरत होते, आणि वर तुझ्या वाट्याचं डोकं चोखत बसत होते. याच्यावर हसायला हरकत नाही. मी आता हसते.

शेवटचं कार्ड जिन्याचं होतं. तू एक जिना पाहिलास, त्याला दोन कठडे. एक मोठ्या माणसांच्या हाताशी, आणि एक खाली, चिमुरड्या पोरांच्या हाताला लागेल असा. बापाकनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ज्याने तो केला तो आधी गुडघ्यावर बसला असणार." चार दिवस त्यांनी दुसरं काही बोलणं केलं नाही. माझा हात धरून खाली न्यायचे, "एवढा खाली असेल ना गं?" पाचव्या दिवशी गेले. शुद्धीतलं शेवटचं वाक्य सांगते, जसंच्या तसं. "लुकितोला सांग, या वर्षी तूच जिंकलास."

निरोप पोचवणं माझं काम होतं. अकरा वर्षं उशीर झाला.

का केलं, तेही लिहिते आता. वर्षभर मी त्यांचं अंग पुसलं, पाय चेपले, त्यांना भरवलं, आणि त्यांच्या तोंडी नाव तुझं. तू विहिरीपाशी विचारलंस तेव्हा मला वाटलं, याला दुखू दे. मला जेवढं दुखलं तेवढं दुखू दे. म्हणून "नाही" म्हटलं, आणि म्हणूनच चाळीस दिवसांनी तुझा ठसा काट्यावर ठेवला. नंतर ते परत घ्यायला हजार वेळा तोंड उघडलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी.

ठसा पाठवू नकोस हवं तर. किनासिहला मी दुसरं कापड करून देईन, तिला समजावीन. पण बापाकनी तुझं नाव काढलं नाही असं यापुढे कुणाजवळ म्हणू नकोस. ते रोज काढत होते. एकही दिवस चुकला नाही.

मला तुझी माफी हवी आहे. नाही दिलीस तरी पत्र खणात ठेव, फेकू नकोस.

तुझी म्बाक वुर


२५ मार्च

दिक,

पत्र मिळालं का, एवढंच विचारते.

कापड धुऊन, कुटून, मऊ करून ठेवलं आहे. पाक कासमुरी रोज विचारतो, "मेण तापवू?" मी म्हणते, "थांबा." ईदनंतर आठवड्याभरात छापलं नाही तर रंग चढवायला दिवस उरणार नाहीत. तोवर थांबते.

काही गवसलं नाही. लक्षच नव्हतं.

वुर


११ एप्रिल

दिक लुकितो,

ईदला तुझा फोन आला नाही तेव्हा मी मनाची तयारी केली होती. चार दिवसांपूर्वी क्रपयाक वस्तीत ती पुरुषभर उंचीची तांदळाची लोपिस कापायचा सोहळा होता, तिथे गेले. चिकट लोपिसला सुरी चालत नाही, म्हणून दोरा गुंडाळून, दोन्ही टोकं ओढून कापतात. लहानपणी तू हेच एकदा ताटाशेजारी मांडलं होतंस, नुसता दोरा. मी म्हणाले होते, "हा काय, दोराच तर आहे!" आणि हरले होते. लोकांत उभी राहून मी डोळे पुसले. बु खोतिजा म्हणाली, "एवढी कशाने गहिवरलीस, तुलाही तुकडा मिळेल!"

घरी आले तर खिडकीत तुझं पार्सल.

किनासिहच्या बाळपणीच्या दुपट्यात गुंडाळलेला ठसा, आणि एक कार्ड. तुझं कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, पण आता ते मला पाठ आहे. "म्बाक, बुलबुलाचं डोकं मीच बसवलं. तीनदा हात भाजला, जोड वेडेवाकडे आलेत, हसू नकोस. बापाकचा निरोप मिळाला. तो दोन कठड्यांचा जिना मी अजून कुठे पाहिला नाही. रोज बघत असतो. लुकितो."

हसू नकोस म्हणालास, तर ऐक आता काय झालं ते.

ठसा मेणात बुडवण्याआधी पाक कासमुरीने उजेडात धरला. बराच वेळ बघितला. चष्मा वर, चष्मा खाली. मग हसण्याने त्याचं पोट हलायला लागलं. "वुर, तुझ्या भावाने सुलट्याचं उलटं केलंय!" मी बघितलं. खरंच रे! ठशावर चित्र उलटं काढायचं, हे एवढं तू लहानपणापासून लक्षात ठेवलंस. पण उजवा ठसा मागून छापायचा, म्हणून त्यावर चित्र सुलटंच लागतं, ते विसरलास. जुन्या कापडावरून डोकं उतरवलंस आणि नेमाने फिरवलंस. बुलबुलाचं अंग पुढे, तोंड मागे. अशी चूक परक्या माणसाला करताच येणार नाही, त्याला ठशाच्या घरातच जन्म घ्यावा लागतो.

मी झाळायची बत्ती पेटवली. दहा मिनिटांचं काम होतं, डोकं सोडवायचं आणि फिरवून बसवायचं.  मी ठसा हातात घेतला. तुझे जोड बघितले, गाठी गाठी आलेले, एका ठिकाणी काळं झालेलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने जाकार्तातल्या स्वयंपाकघरात बसून, बोटं भाजून घेत ते केलेत. मी बत्ती विझवली. "मेण तापवा," म्हणाले.

समोरून डावा, मागून उजवा. काल रंग झाला, मेण उकळून काढलं, कापड आपल्या अंगणात दोरीवर टाकलं. उन्हात बघितलं तर समोरचं आणि मागचं एकत्र दिसून प्रत्येक बुलबुलाला दोन तोंडं आली आहेत. एक तोंड नेहमीसारखं पुढच्याची शेपूट चावतंय. आणि दुसरं मागे वळून, मागचा येतोय की नाही ते बघतंय. सगळ्या कापडभर. मागच्याने शेपूट धरली आहे आणि पुढचा त्याच्याकडे बघतो आहे. बु खोतिजा, पाक विर्यो, त्यांची कढईवाली बायको, सगळे येऊन बघून गेले. मास्तर म्हणाले, "हे कुणाला सुचलं?"

मी म्हणाले, "माझ्या भावाला."

किनासिहला फोटो पाठवला. तिने लिहिलं, "बुदे, मला अगदी हेच हवं होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं."

संध्याकाळी मासा आणला. जेवायला एकटीच बसले आणि मोठ्याने विचारलं, "आज काय गवसलं?" आणि अकरा वर्षांनी तुझं कार्ड वाचलं. समोर कुणी नव्हतं, पण या वेळी त्यावर जे लिहिलं होतं तेच वाचलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही. तूच जिंकलास.

कापड पोस्टाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा, आणि लग्नाला मलाही बरोबर ने. अठराच्या आत ये. दाराकडे जाऊ नकोस, तिथे डोकं आपटेल. खिडकीतून ये.

माशाचं डोकं मी खाल्लेलं नाही. झाकून ठेवते म्हटलं तर टिकायचं नाही, म्हणून ते मांजराला दिलं. तू येशील त्या दिवशी ताजं आणेन. गालफडातलं मांस या वेळी माझ्या भातात ढकलायचं नाही.

तुझी
म्बाक वुर